सातव्या पाखराचा डोळा

उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी, वीस-बावीस घरांची. घरोघरी बायका गोधड्या शिवायच्या, पण नक्षी सगळ्यांची एकच. एकीचं बघून दुसरीनं घेतलेली, दुसरीचं बघून तिसरीनं. चंद्रभागेला याचा मनस्वी राग होता. "उष्टं ताट वाढून घेता काय गो?" असं ती तोंडावर विचारायची, आणि म्हणून बायका तिला जरा टरकूनच असायच्या.

तिला काही शिवायचं असलं की ती आधी रानात जायची. लावणी झालेल्या खाचरातल्या रोपांच्या ओळी बघून तिनं आपला धावदोरा बसवला होता. ओढा आटताना वाळूवर पाण्याच्या ज्या रेघा उमटतात, त्या तिच्या गोधडीच्या काठाला होत्या. एकदा कोळ्याच्या जाळ्यापुढे ती सकाळभर बसली आणि चुलीवरची भाकरी कोळसा झाली. तिचा नवरा हैबती चिडला नाही. तो एवढंच म्हणाला, "आरशात बघनार नाय ही बाई, पन कोळ्याच्या जाळ्यात दीस काढंल." गडी मनानं मोठा होता. करपलेली भाकरी त्यानं खाल्लीसुद्धा.

एकतीस सालची थंडी मोठी कडक पडली होती. त्या वर्षी चंद्रभागेनं नातवाची कुंची शिवायला घेतली. नातू दहा महिन्यांचा, नाव पांडू. मुलगा सहदेव मुंबईला गिरणीत. त्यानं दिवाळीला येताना काळपट हिरव्या कापडाचा एक तुकडा आणि रेशमाच्या लड्या आणल्या होत्या. सून मैना, एकोणीस वर्षांची. तिचं पहिलं पोर पाचव्या दिवशीच गेलं होतं. त्यामुळं पांडू शिंकला तरी घर गोळा व्हायचं.

कुंचीवर काय काढायचं हे चंद्रभागेनं मनाशी ठरवलं होतं. भारद्वाज. घराबाहेर पडताना हा पक्षी दिसला की काम फत्ते होतं असं आमच्याकडे मानतात. पोराच्या अंगावरच तो बसवला तर दिवसभर शकुनच शकुन, असा तिचा हिशेब. वाडीच्या मागं काळकाई देवीची राई आहे, तिथं भारद्वाजाची जोडी होती. राईभोवतीच्या रचीव दगडांच्या गडग्याबाहेर एका दगडावर बसून ती रोज त्यांना बघायची. काळं अंग, त्यावर निळी झाक. तांबूस पंख. चालही कशी, घरधन्यानं शेतात फेरी मारावी तशी सावकाश. आठ दिवसांत तिनं कुंचीच्या काठावर सात पाखरं उतरवली. सातवं अगदी पुढच्या टोकाला, पोराच्या हनुवटीपाशी येणारं. मैना बघतच राहिली.

अडलं ते डोळ्यापाशी. भारद्वाजाचा डोळा लाल असतो, ओला असतो, आणि मधे काळा ठिपका. लाल रेशमाची गाठ मारली तर ती जखमेसारखी दिसायला लागली. महाडच्या बाजारातून आणलेला काचेचा मणी लावून पाहिला, तर पाखरू मेल्यासारखं दिसलं. तिनं सातही डोळे दोनदा घातले आणि दोनदा उसवले. जेवणात तिचं लक्ष लागेना. "डोळ्याबिगर पाखरू म्हंजे पाखराचं मढं," ती म्हणायची. दुसरी कुणी असती तर गाठ मारून मोकळी झाली असती. आमच्या वाडीत तेवढं कुणी बघणारंही नव्हतं.

आणि मग एका सकाळी दगडावर बसल्या बसल्या तिला डोळे दिसले. राईच्या गडग्यावर गुंजेचा वेल चढला होता. शेंगा वाळून उकलल्या होत्या आणि त्यांच्यातून गुंजा तिच्याकडे बघत होत्या. लालभडक, चकचकीत, बुडाशी काळा ठिपका. हुबेहूब.

आता राईचा नेम सांगायला हवा. राईतून काही बाहेर न्यायचं नाही. फळ नाही, सरपणाचा फाटा नाही, वाळलेलं पान नाही. बाहेर पडताना पायाची मातीसुद्धा गडग्याशी झटकायची. हा नेम आम्हाला बोलायच्या आधी कळतो. चंद्रभागेलाही तो ठाऊक होता. ती वेलाकडे बघत बराच वेळ उभी राहिली. वेलाचं मूळ गडग्याच्या आत होतं, शेंगा बाहेर लोंबत होत्या. मूळ देवीचं, पण बाहेर आलेलं ते रानाचं, असं तिनं ठरवलं. माणूस चोरी करताना जेवढा न्यायनिवाडा करतो, तेवढा एरवी कधी करत नाही.

तिनं मोजून सात गुंजा काढल्या. सातवी काढली आणि राईच्या आतून, अगदी जवळून, भारद्वाजानं घुमायला सुरुवात केली. ऊप् ऊप् ऊप् ऊप्. तो आवाज तिनं हजारदा ऐकला असेल. पण त्या दिवशी मागं वळून बघायचं धाडस तिला झालं नाही. गुंजा पदरात बांधून ती भराभर घरी आली आणि पायाची माती झटकायची राहून गेली, हे तिला उंबऱ्यात आल्यावर आठवलं.

गुंज दगडासारखी टणक. सुई आत शिरेना. तिनं दोन दिवस गुंजा पाण्यात भिजत घातल्या आणि मग निखाऱ्यात दाभण लाल करून एकेकीला आरपार भोक पाडलं. धुराचा उग्र, कडवट वास सुटला. त्या वासानं तिला एकदम आपल्या बापाची आठवण झाली. का झाली हे काही तिला कळलं नाही. तिचं लक्ष डोळ्यांवर होतं. पहिला डोळा शिवला आणि पाखरू जिवंत झालं. सातही झाले तेव्हा ती स्वतःशीच हसली. कुणाला काही सांगितलं मात्र नाही. विचारलं तर "महाडचे मनी" म्हणून मोकळी झाली.

संक्रांतीला पांडूला कुंची घातली. बायका जमल्या. शेजारची आनंदीबाई कुंची हातात घेऊन बघायला लागली आणि चटकन तिनं ती खाली ठेवली.

"बघतंय गो माज्याकडं!" ती म्हणाली.

सगळ्या हसल्या. चंद्रभागाही हसली, पण कुंची उचलून तिनं पटकन पांडूच्या डोक्यावर परत चढवली. पांडूला काय त्याचं. त्याला नुकते खालचे दोन दात आले होते. जे हाताला लागेल ते तोंडात घालायचं, एवढंच त्याचं काम.

पाचव्या दिवशी सकाळी पांडू ओकला. दूध बाधलं असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दुपारी पुन्हा ओकला, तिसऱ्या प्रहरापासून जुलाब सुरू झाले, आणि दिवेलागणीच्या सुमाराला मैना लंगोट हातात घेऊन सासूपुढं आली. लंगोटात रक्त होतं.

"आत्याबाय," एवढंच ती म्हणाली.

चंद्रभागेनं पोराला घेतलं. अंग तापलेलं, मान सैल. तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? तेच. गडगा, वेल, आणि झटकायची राहिलेली माती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कुणी काही विचारायच्या आत तिनं पोराच्या डोक्यावरची कुंची काढली आणि तिच्याकडे न बघता, गुंडाळून, माळ्यावरच्या रिकाम्या कणगीत टाकली.

दुसऱ्या दिवशी पांडूचे डोळे खोल गेले. ओठ सुकले. रडायचा, पण आवाज मांजराच्या पिल्लाएवढा. छातीला लावला तर दोन घोट घेऊन ओकून टाकायचा. "पोटात ठरत नाय तर घालता कशाला? पानी बंद करा, दूध बंद करा," असं जाणत्या बायकांनी सांगितलं. त्या काळी सगळीकडे असंच सांगत. आणि राईतून तो आवाज येत होता. ऊप् ऊप् ऊप्. दर वेळी चंद्रभागा मनातल्या मनात मोजायची आणि आवाज सातावर थांबला की राईकडे पाठ फिरवायची.

हैबती सोनबा गुरवाला घेऊन आला. सोनबा लबाड नव्हता. लबाड असता तर फार बरं झालं असतं, नारळ-कोंबड्यावर भागलं असतं. पण सोनबाचा आपल्या देवीवर खरोखरचा विश्वास होता, आणि अशा माणसापुढं कुणाचं काही चालत नाही. त्यानं राईत जाऊन कौल लावला. काळकाईच्या पाषाणावर दोन अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, पोराला झालंय ते बाहेरचं की तुझं? उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचंच. तुझं असेल तर आमचं काय चुकलं? तुझ्या राईतली चीज हैबतीच्या घरात आहे काय? उजवी पाकळी पुन्हा पडली. झटक्यात.

हैबतीच्या अंगणात माणसं गोळा झाली. सोनबानं विचारलं, "कोनी आनलंय? सांगून टाका. आई माफ करील."

चंद्रभागा पोराला मांडीवर घेऊन दारात बसली होती. बोलायला तिनं तोंड उघडलं होतं, हे मी तिच्या बाजूनं सांगतो. पण तेवढ्यात आनंदीबाई म्हणाली, "चार दिसांमागं मैना राईच्या वाटंनं फाटी घेऊन येत व्हती. मी माज्या डोळ्यांनी बघितली."

सगळ्यांनी मैनेकडे पाहिलं.

"ती फाटी ओढ्याकडची," मैना म्हणाली. "राईकडनं जवळ पडतं म्हून त्या वाटंनं आले. आत पाऊल नाय टाकलं. पांडूची शपथ."

"पोराची शपथ घेऊ नको गो," सोनबा कळवळून म्हणाला. "पोर आधीच देवीच्या हातात हाय."

चंद्रभागेचं उघडलेलं तोंड मिटलं. ते का मिटलं याची कारणं तिनं पुढं आयुष्यभर स्वतःला दिली. भीती होती. लाज होती. पंचवीस वर्षं गावाला उष्टं खाऊ नका म्हणून शिकवणारी बाई देवीच्या वेलावर हात टाकते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? पण खरं कारण साधं होतं. दोष दुसऱ्याच्या अंगावर पडत होता आणि तिनं तो पडू दिला.

सोनबानं सांगितलं, ज्या हातानं चीज आणली त्याच हातानं ती उद्या दिवस मावळायच्या आत परत गेली पाहिजे. पोराला उतार पडेपर्यंत त्या हातचं पाणीसुद्धा त्याला चालणार नाही. फक्त देवीचा अंगारा.

ओढ्याकडच्या त्या फाट्यांची मोळी हैबतीनं मैनेलाच राईत नेऊन टाकायला लावली. मैनेला ओट्यावर बसवलं आणि पोर आत, चंद्रभागेच्या मांडीवर राहिलं. आत पोर कण्हायचं आणि बाहेर मैनेची चोळी दुधानं भिजायची. ती ओरडली नाही, रडलीही नाही. भिंतीला कान लावून बसली होती. पोराचा आवाज थांबला की ती बाहेरून विचारायची, "आत्याबाय, हाय ना?"

"हाय गो, हाय," चंद्रभागा आतून सांगायची.

असं त्या दिवसात किती वेळा झालं, देव जाणे.

मोळी परत जाऊनही पोराला उतार पडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायला लागली. तेव्हा चंद्रभागा उठली. पोराला आनंदीबाईकडे दिलं, कणगीतून कुंची काढली, पदराआड घेतली आणि "राईत दिवा लावून येते" म्हणून निघाली. ओट्यावरून जाताना मैनेनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आशा होती. चंद्रभागेला ती रागापेक्षा जड गेली.

तिनं मनाशी ठरवलं होतं ते असं. डोळे उसवायचे, सातही गुंजा वेलाच्या मुळाशी ठेवायच्या, नाक घासायचं. गुपचूप चोरलं ते गुपचूप परत. देवीचं देवीला मिळालं म्हणजे पोर उठेल, आणि मैनेनं फाटी आणली होती असंच जग म्हणत राहील.

गडग्याशी बसून तिनं कुंची मांडीवर पसरली. राई अगदी गप्प होती. दुपारच्या वेळी तिथं किरकिरणारे किडेही गप्प. तिनं सुईच्या टोकानं पहिला दोरा तोडला. एक गुंज तळहातावर आली. दुसरी. तिसरी. प्रत्येक वेळी पाखरू आंधळं होत गेलं आणि तिला वाटलं, आपण कुणाचे तरी खरेच डोळे काढतो आहोत. चौथी, पाचवी, सहावी.

सातव्या पाखराला डोळाच नव्हता.

आधी तिला काही कळेना. पडली असेल म्हणून तिनं मांडी झटकली, जमिनीवर हात फिरवला. मग तिनं सातवं पाखरू उजेडात धरलं. हनुवटीकडच्या त्या टोकाचं कापड कडक झालं होतं, लाळ वाळून पांढरं पडलं होतं. रेशमाचा दोरा तुटलेला होता. सुरीनं तुटावा तसा तुटलेला नव्हता, चावून चावून पिंजून तुटला होता. दोन इवल्या दातांनी.

आणि त्या क्षणी तिला कळलं की दाभणाच्या त्या धुरात बाप का आठवला होता.

तिचा बाप कापडे गावचा, गुरांचा वैदू. लहानपणी ती गुंजांनी खेळायची तेव्हा तो म्हणायचा, "खेळ पोरी. गिळलीस तरी जशीच्या तशी पडंल. कवच हे तिचं कुलूप हाय. पन फोडू नको. आत इख हाय." एकदा कुणाच्या तरी म्हशीला फुटलेल्या गुंजा खाण्यात गेल्या होत्या. बापानं रात्रंदिवस खटपट केली, तरी म्हैस रक्त टाकून मेली होती. गोठ्याशेजारी उरलेल्या गुंजा बापानं जाळल्या, तेव्हा असाच कडवट वास सुटला होता. हे सगळं तिला ठाऊक होतं. आणि तरीही तिनं स्वतःच्या हातानं, दाभण तापवून, कुलूप फोडलं होतं. डोळा हुबेहूब हवा होता ना!

इतका वेळ ती देवीला भीत होती. आता ती पोटातून ओरडून म्हणाली, "आई, तूच अस. तूच कोपलेली अस गो." कारण देवीला नवस बोलता येतो. तिच्यापुढं नाक घासता येतं. गुंजेला काय बोलायचं?

तिनं पुन्हा एकदा तळहात पाहिला. सहा. राईत पाकळ्या लावून सगळी वाडी कारण शोधत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि तो कळसा तिनंच भरून दिला होता.

अजून एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. नुसतं "गुंजा मी आणल्या" एवढं सांगितलं तर सोनबा प्रायश्चित्त देईल, पोराला पुन्हा अंगारा लागेल आणि पाणी बंदच राहील. बापानं म्हशीला काय केलं होतं? नळीनं पाणी पाजलं होतं. सारखं पाणी. म्हणजे सांगायचं तर सगळंच सांगायला हवं होतं. विष आहे, ते मीच केलं, आणि मीच पोराच्या हनुवटीपाशी टांगलं.

ती धावली. पंचेचाळीस वर्षांची बाई, लुगड्याचा काष्टा सुटलेला, पायाला काटे. अंगणात सोनबा होता, हैबती होता, आनंदीबाई पोराला घेऊन उभी होती. चंद्रभागेनं कुंची सगळ्यांच्या मधे टाकली आणि तळहात उघडून धरला.

"फाटी नाय. ह्या," ती म्हणाली. "राईतल्या गुंजा. मी आनल्या. मैना नाय, मी."

"म्हंजे कौल खरा," सोनबा म्हणाला.

"खरा असू दे नायतर खोटा असू दे. ऐका आधी! मी भोकं पाडली त्यांना. आतलं इख मोकळं केलं. सात व्हत्या. सहाच हायत. सातवी पोरानं खाल्ली." तिचा आवाज फाटला. "पानी द्या त्याला. देवीचं काय ते मागनं बघू. पानी द्या!"

हैबतीनं हात उगारला. तीस वर्षांत पहिल्यांदा. तो हात तसाच वर राहिला आणि मग त्याला त्याचं काय करावं हे कळेना.

हलली ती मैना. ओट्यावरून उतरली, आनंदीबाईच्या हातून पोर घेतलं, रांजणाशी बसली आणि पदराचं टोक भिजवून पोराच्या तोंडात धरलं. पोरानं ते चोखलं. तिनं पुन्हा भिजवलं. सोनबा काही बोलायला पुढं झाला तशी ती मान वर न करता म्हणाली, "मामा, तुमी आता बोलू नका." आणि सोनबा बोलला नाही. हे मात्र त्याचं खरोखर मोठेपण.

त्याच पावली ते महाडच्या दवाखान्याला निघाले. पुढं हैबती, मागं मैना पोराला घेऊन, आणि त्यांच्यामागं वीस पावलांवर चंद्रभागा, पाण्याचा तांब्या घेऊन. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि कुणी नको म्हटलं नव्हतं. पोलादपूरपर्यंतच्या उतरणीत मैना थोड्या थोड्या वेळानं थांबायची आणि मागं न बघता हात मागं करायची. चंद्रभागा पुढं होऊन त्या तळहातावर पाणी ओतायची आणि पुन्हा वीस पावलं मागं राहायची. पोलादपूरला महाडची मोटार मिळाली. मोटारीतही ती खाली, पायांशी बसली.

महाडच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. त्यानं पोराचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं. चंद्रभागेनं पदराची गाठ सोडून सहा गुंजा टेबलावर ठेवल्या.

"मुलं गिळतात या. सहसा काही होत नाही," तो म्हणाला. मग त्यानं एक गुंज उचलून उजेडाकडे धरली. भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता. "हे भोक कुणी पाडलं?"

"मी."

त्यानं गुंज खाली ठेवली आणि हात धुतले.

"याला उतारा नाही, बाई," तो म्हणाला. "उकळून गार केलेलं पाणी, चिमूट मीठ, साखर. थेंब थेंब. ओकला तरी पुन्हा. आईचं दूध चालू ठेवा. बाकी त्याच्या अंगात किती गेलं त्यावर."

तीन दिवस ते थेंब मोजत बसले. मैना पाजायची, चंद्रभागा पाणी उकळायची. दोघींत शब्द नव्हता. पोर रडायचं तेव्हा चेहरा वेडावाकडा व्हायचा, पण डोळे कोरडे. तीन दिवस त्याच्या डोळ्याला पाण्याचा टिपूस आला नाही. चंद्रभागा त्या डोळ्यांकडे बघत बसायची. आयुष्यभर तिनं इतक्या गोष्टी टक लावून पाहिल्या, पण एवढ्या भीतीनं काही पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरनं पोट दाबलं आणि पांडूनं भोकाड पसरलं. मोठं, खणखणीत. आणि त्याच्या उजव्या डोळ्यातून एक थेंब गालावर आला.

"पाणी आलं," मैना म्हणाली. ती कुणालाच उद्देशून बोलली नव्हती. पण ते ऐकून भिंतीशी बसलेली चंद्रभागा मोठ्यानं रडली, आणि दवाखान्यातली माणसं समजली की पोर गेलं.

पांडू जगला. सहा गुंजा सोनबानं चंद्रभागेच्या हातूनच वेलाच्या मुळाशी पुरून घेतल्या आणि कौल लावला तर उजवा आला. आजही आमच्या वाडीत निम्मी माणसं म्हणतात देवी कोपली होती, निम्मी म्हणतात गुंज बाधली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणावं, तर कौलानं सांगितलेली चीज घरात निघाली होती. मी त्या वादात पडत नाही.

चंद्रभागेनं मात्र रान सोडलं. गोधड्या शिवायची, पण साध्या, सरळ रेघांच्या. रानाच्या वाटेनं जाताना मान खाली. भारद्वाज घुमला की कानावर पदर ओढायची. मैना तिच्याशी वाईट वागली नाही. जेवायला वाढायची, पाय चेपायची. पण पांडूला तिच्याजवळ ठेवून ती पाण्याला कधी गेली नाही. घागर डोक्यावर आणि पोर कडेवर. दोन वर्षं.

पुढं मैनेला मुलगी झाली. थंडी पडायला लागली तशी एका सकाळी ती सासूपुढं येऊन बसली. तिनं पदराखालून जुनी कुंची काढली. धुतलेली, घडी घातलेली. सात पाखरं, सातही आंधळी. ती कुंची मैनेनं जपून ठेवली असेल असं चंद्रभागेला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"पोरीला ही घालायची हाय," मैना म्हणाली. "डोळे घाला."

"माज्यानं व्हनार नाय गो."

"मंग कोनाच्यानं व्हनार? त्या पाखराला एवढं बघितलंय कोनी?" आणि तिनं लाल रेशमाची लडी सासूच्या मांडीवर ठेवली.

चंद्रभागेनं सुईत दोरा ओवायला चार वेळा हात नेला. पाचव्यांदा ओवला गेला. दिवसभर ती बसली होती. लाल रेशमाची भक्कम गाठ, मधे काळ्या दोऱ्याचा एक टाका. हुबेहूब नव्हते ते डोळे. जखमेसारखेच दिसत होते. शेवटचा दोरा तोडून तिनं प्रत्येक डोळा नखानं ओढून पाहिला, दोनदा, तीनदा, आणि कुंची सुनेपुढं केली.

मैनेनं कुंची हातात घेतली. सासूच्या देखत ती तोंडाशी नेली आणि एकेक करून सातही डोळे दातांत धरून ओढून पाहिले. सातवा सगळ्यात जास्त वेळ.

एकही सुटला नाही. मग तिनं पोरीच्या डोक्यावर कुंची चढवली, नाडी बांधली, पोर चंद्रभागेच्या मांडीवर ठेवलं आणि घागर उचलून ती पाण्याला गेली.